बदली राजमाता

दोराय माकाराएगला देवाने गळा चांगला दिला आणि हात त्याहून चांगला दिला, आणि ह्या दोघांनी मिळून तिच्या नशिबाची पार वाट लावली होती. गळ्यामुळे तिला विलायती संगीत नाटकात राजमातेची बदली नटी म्हणून घेतलं होतं. म्हणजे मूळची बाई आजारी पडली तर दोरायने उभं राहायचं. आणि हाताचा गुण असा, की समोरचं माणूस नुसतं खाकरलं तरी ती आलं ठेचायला बसायची. आता जिच्या आजारपणाकडे डोळे लावून बसायचं, तिलाच उठून काढा पाजणाऱ्या बाईला काय म्हणावं? मनिलात, पांदाकानच्या तिच्या गल्लीत, तिला बरंच काही म्हणत होते.

नाटकाचं नाव 'तुंगालोरचे कंदील'. सत्तर वर्षांपूर्वी कोण्या गोऱ्या साहेबांनी लंडनमध्ये बसून लिहिलेलं. तुंगालोर कुठे आहे म्हणाल तर कुठेच नाही. सयामची देवळं, जपानचे झगे, चीनच्या घंटा आणि जावाचे हत्ती एका पाट्यावर वाटले की तुंगालोर तयार. तिथे एक इंग्रज माणूस राजवाड्यातला पियानो जुळवायला येतो आणि राजकन्येच्या प्रेमात पडतो. मधे आडवी येते ती राजमाता. पहिल्या अंकात ती लोकांना हसवते आणि दुसऱ्या अंकात 'कंदील विझवा' म्हणून असं काही गाते, की हसलेल्यांनी रुमाल काढावेत. अख्ख्या नाटकात भूमिका ती एकच, बाकी सगळी भरती, मागे उभं राहून गाणारा घोळका.

भरतीत दोराय लंडनला नऊ वर्षं होती. मनिलातून दरवर्षी बोटीभर पोरंपोरी जायची, कारण आमच्यासारखं गाणारं माणूस जगात दुसरीकडे मिळत नाही. ही माझी बढाई समजा हवं तर, पण साहेबही तेच म्हणायचे. आम्हाला चिनी करा, जपानी करा, तुंगालोरी करा, आम्ही तयार. राजमाता मात्र नेहमी गोरी. डोळ्यांच्या कडा चिकटपट्टीने ओढलेली, तोंडाला पिवळी पावडर लावलेली, तुरुतुरु चालणारी गोरी बाई. ती आली की सगळ्यांनी कपाळ जमिनीला टेकायचं. त्यामुळे नऊ वर्षांत दोरायने चार राजमातांची फक्त पावलं पाहिली. पावलांवरून ती त्यांचं सांधेदुखीचं निदानही करायची. पण तिचं स्वप्न त्या पावलांच्या वरचं होतं. एकदा, फक्त एकदा, आपण ते गाणं गावं.

आता ती छप्पन्न वर्षांची झाली, आणि नाटकच विलायतेहून मनिलाला सहा आठवड्यांसाठी आलं. राजमाता होत्या मिसेस रोझलिंड हॅदर्ली, वय एकसष्ट, तब्येत घोड्याची. बदली म्हणून दोराय. गल्लीत ही बातमी पोचली तेव्हा कोपऱ्यावर डुकराच्या मांसाच्या सळया भाजणाऱ्या बेबीने हातातला पंखा खाली ठेवला. बेबी म्हणजे कुणी बाळ नव्हे. नव्वद किलोची, पाच नातवंडांची आजी. आमच्याकडे बारशाला पडलेलं लाडकं नाव कबरीपर्यंत सोबत करतं.

"सहा आठवडे," बेबी म्हणाली. "सहा आठवड्यांत कुणीही आजारी पडतं. इथलं पाणी, इथला उकाडा. आपण काही करायचं नाही. फक्त पाहुणचार करायचा."

आणि पाहुणचार सुरू झाला. पहिल्या आठवड्यात बेबीने नाट्यगृहात हालो-हालोचा हा एवढा पेला पाठवला. त्यात बर्फाचा चुरा इतका की वरचं आइस्क्रीम शोधावं लागावं. गळा बसायला यापेक्षा सज्जन उपाय नाही. मिसेस हॅदर्लींनी तो संपवला, दुसरा मागवला आणि त्या दिवशी असा सूर लावला की छताचे पोपडे पडले. मग कोळंबीच्या खाऱ्या चटणीबरोबर कच्चा आंबा झाला. मग तळलेले मासे. बाई खात गेली, रसरसत गेली. गल्लीतली म्हातारी माणसं म्हणू लागली, हिला आपली हवा मानवली, मेलीला.

दुसऱ्या आठवड्यात बुधवारी मात्र त्यांना खोकला झाला. अस्सल, कोरडा खोकला. गल्लीत आनंद मावेना. बेबीने तर राजमातेच्या मुकुटात दोराय कशी दिसेल म्हणून सळयांची टोपली तिच्या डोक्यावर ठेवून बघितली. आणि दोराय बाईसाहेब? थर्मास भरून सालाबात घेऊन निघाल्या. सालाबात म्हणजे गूळ घातलेला आल्याचा कढत काढा. सोबत आलं घालून शिजवलेली कोंबडीची पेज, आणि छातीला चोळायला हिरवं तेल. गुरुवारी दुपारी मिसेस हॅदर्ली ठणठणीत.

"डोकं फिरलंय का तुझं?" बेबी गरजली. "देवाने ताट वाढून समोर ठेवलं, आणि तू ते दुसऱ्याच्या पानात ओतलंस?"

"अगं, एकटी बाई. परक्या देशात खोकत बसलेली. बघवेना मला."

"मग डोळे मिटून घ्यायचे!"

"मिटले होते. पण खोकला ऐकू येत होता ना."

दोरायची आई फेरमिना, चौऱ्याऐंशीची, कानाने जड. ती खुर्चीतून म्हणाली, "काय म्हणते ती?"

"म्हणते, तुमची लेक गाढव आहे!" बेबी ओरडली.

"ते मला माहीत आहे," फेरमिना म्हणाली. "नवीन काय ते सांग."

असं चार वेळा झालं. चारदा बाई शिंकली, खोकली, पोट धरून बसली, आणि चारदा दोरायने तिला उभी केली. सुंठीवाचून खोकला गेला तर माणूस समजू शकतो, पण इथे सुंठच वैरी झाली होती. मिसेस हॅदर्ली तर तिला मिठी मारून म्हणाल्या, "डोरा, तू नसतीस तर मी कधीच मायदेशी गेले असते." दोराय हसली. घरी येऊन मोरीत जाऊन रडली, आणि तोंड पुसून आईची पेज ढवळायला लागली.

शेवटचा आठवडा उजाडला. मंगळवारी दुपारी तीनचा खेळ थोडा रिकामा होता, म्हणून नाट्यगृहाने भरतीतल्या सगळ्यांच्या घरच्यांना फुकट पास दिले. पांदाकानने पन्नास जागा धरल्या. आणि आदल्या दिवशी, सोमवारी सुट्टी, त्यात फेरमिनाचा वाढदिवस. दोरायने रीतीला धरून मिसेस हॅदर्लींनाही बोलावलं. त्या आल्या, फुलाफुलांचा झगा घालून. दुपारी बारालाच लांब शेवयांचा पानसित झाला, भाजलेलं डुक्कर झालं, आणि मग अंगणात भाड्याने आणलेलं व्हिडिओके यंत्र, म्हणजे कॅरिओकेचं खोकं, सुरू झालं.

इथे एक सांगायला हवं. पाहुण्याला गायला लावल्याशिवाय आम्ही सोडत नाही. जेवण नाही दिलं तर एक वेळ क्षमा आहे, माईक नाही दिला तर नाही. आणि ते यंत्र गाणं संपलं की शंभरांपैकी गुण देतं. कसे देतं ते देवालाही ठाऊक नाही. घसा खरवडून ओरडणाऱ्या दारुड्याला ते शंभर देतं आणि चर्चच्या मुख्य गायिकेला नापास करतं. गल्लीत लहान पोरालाही हे माहीत. मिसेस हॅदर्लींना कोण सांगणार?

त्यांनी डोळे मिटून, हात छातीशी धरून, एक जुनं प्रेमगीत गायलं.  दोरायच्या अंगावर काटा आला. यंत्राने तुतारी वाजवली आणि आकडा दाखवला: एकाहत्तर.

मग बेबी उठली. तोंडात डुकराची कुरकुरीत कातडी, हातात पंखा. ती तेच गाणं म्हणाली. अठ्ठ्याण्णव.

मिसेस हॅदर्लींनी आकड्याकडे पाहिलं, बेबीकडे पाहिलं, आणि झग्याच्या बाह्या वर केल्या. "पुन्हा लावा," त्या म्हणाल्या.

पुन्हा लावलं. अडुसष्ट.

"मॅम, हे यंत्र खुळं आहे," दोराय काकुळतीला आली. "मनावर घेऊ नका."

"मी चाळीस वर्षं गाते आहे, डोरा. मला हे खोकं सांगणार?"

बेबीने शपथेवर सांगितलं आहे की तिच्या मनात काही नव्हतं. मी त्यावर विश्वास ठेवतो, कारण गाताना बेबीच्या मनात कधीच काही नसतं. पण संध्याकाळी सहापर्यंत मिसेस हॅदर्लींनी एकतीस गाणी म्हटली. मोठ्याने गायलं की गुण वाढतात हे त्यांच्या ध्यानात आल्यावर तर त्यांनी सगळा संकोच सोडला. शेवटी एकदाचे ब्याण्णव मिळाले. अख्ख्या गल्लीने त्यांना खुर्चीसकट उचललं. त्यांनी आनंदाने किंकाळी फोडायला तोंड उघडलं, आणि आतून नुसती हवा आली.

मंगळवारी सकाळी आठला फोन वाजला. स्टेज मॅनेजर नायजेल. हा माणूस झोपेतही हातात घड्याळ धरत असावा.

"दोराय, रोझलिंडचा आवाज गेलाय. एक वाजेपर्यंत आला तर ठीक, नाहीतर तुम्ही उभ्या राहा. आणि हो, त्यांनी तुमचा तो आल्याचा काढा मागितलाय. लिहून दिलंय, तीनदा अधोरेखित करून. घेऊन याल ना?"

"आणते, सर," दोराय म्हणाली. चाळीस वर्षांच्या सवयीने म्हणाली.

तिने पातेलं ठेवलं. आलं ठेचलं. पाण्याला उकळी यायला लागली. दारात बेबी उभी होती, खुर्चीत फेरमिना, आणि खिडकीबाहेर निम्मी गल्ली. सगळे माना उंचावून पातेल्याकडे बघत होते. बेबीने तर तोंडावर पंखाच दाबून धरला होता.

दोराय पाण्याकडे बघत राहिली. तिला माहीत होतं की हा काढा पोचला तर एकपर्यंत बाई बोलायला लागेल. आपल्या हाताचा गुण तिच्याइतका कुणाला माहीत असणार? आणि न्यायचा नाही, तर मागणाऱ्या आजारी माणसाला नाही म्हटल्याचं आयुष्यातलं पहिलं पाप. तिने हुंदका दिला, छातीवर क्रुसाची खूण केली आणि गॅस बंद केला.

खिडकीबाहेर कुणीतरी टाळी वाजवली. त्याला लगेच गप्प केलं.

वाटेत ती चर्चमध्ये शिरली. फादर एलाडियो पापांची कबुली ऐकायच्या जाळीआड जांभया देत बसले होते.

"फादर, मी पाप केलं. एका आजारी बाईने काढा मागितला आणि मी दिला नाही."

"घरात आलं नव्हतं?"

"होतं, फादर. ठेचलेलंसुद्धा होतं."

जाळीपलीकडची जांभई अर्ध्यावर थांबली. "दोराय, ही बाई ती गोरी राजमाता तर नव्हे?"

"तीच."

"म्हणजे आज तीनला तू आहेस?" फादर जाळीला नाक लावून म्हणाले. "अगं, माझ्याकडे पास आहे! आणि मी आजारी बायांना भेटायला जाणार म्हणून सांगून बसलो होतो."

"फादर, माझं प्रायश्चित्त?"

"खेळ झाला की काढा स्वतःच्या हाताने नेऊन दे. झाल्यावर हं. आधी नेलास तर मी तुला क्षमा करणार नाही."

नाट्यगृहात मिसेस हॅदर्ली गळ्याला मफलर गुंडाळून बसल्या होत्या. त्यांनी दोरायच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि वहीवर लिहिलं: "काढा?"

"आज बाजारात आलं मिळालं नाही, मॅम," दोराय म्हणाली. तिचे कान तापले.

बाईंनी लिहिलं: "मनिलात?"

दोराय पायांकडे बघत राहिली.  मग बाईंचे खांदे हलायला लागले. त्या आवाजाशिवाय हसत होत्या, की रागावल्या होत्या, ते दोरायला आजही ठाऊक नाही. त्यांनी तिसऱ्यांदा लिहिलं: "डावीकडची तिसरी पायरी निसरडी आहे. झगा उचलून धर." आणि मुकुटाचा डबा तिच्याकडे सरकवला.

रंगभूषेला लीवाय होती, बावीस वर्षांची, पांदाकानचीच. तिच्यासमोर नाटकाची जाडजूड नियमवही उघडी होती.

"मावशी, खुर्चीत बसा. इथे लिहिलंय: राजमाता. पिवळी पावडर, तीन नंबर. डोळ्यांच्या कडांना चिकटपट्टी, दोन्हीकडे."

"पट्टी कशाला गं?"

लीवायने वही वाचली. "डोळे पूर्वेकडच्या बायकांसारखे दिसावेत म्हणून."

दोघींनी आरशात पाहिलं. आरशात पूर्वेकडच्या दोन बायका बसल्या होत्या. आधी लीवायला हसू फुटलं, मग दोरायला. दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून इतक्या हसल्या की पावडरीचा डबा लवंडला.

नायजेल घड्याळ घेऊन आत आला. "काय चाललंय? पट्टी का नाही लावली? वहीत आहे. सत्तर वर्षं लावतात."

"लावा ना, सर," दोराय डोळे पुसत म्हणाली. "पण माझे डोळे आधीच इथवर आलेत. आणखी ओढले तर कानात जातील."

नायजेलने तिच्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, आणि बहुधा पहिल्यांदाच त्या दोन गोष्टींचा मेळ घालून बघितला. तो लाल झाला. "पावडर तरी?" तो पुटपुटला.

"पिवळी झाले तर आई घाबरेल, सर. कावीळ झाली म्हणेल."

तो गेला. जाताना एवढंच म्हणाला, "अकरा छोटी पावलं, बाराव्याला ठेच. मग चार आवर्तनं हशासाठी. तेवढं तरी वहीप्रमाणे करा."

त्या चार आवर्तनांचा प्रकार असा. राजमाता तुरुतुरु येते, झग्यात पाय अडकून धडपडते, लोक हसतात. हसणं संपेपर्यंत वाद्यवृंद तेच ते वाजवत राहतो. सत्तर वर्षं तिथे हशा आला होता. संगीतातच तो लिहिलेला होता.

तीन वाजून वीस मिनिटांनी घंटा वाजल्या. दोरायने झगा उचलला आणि पायरी उतरली. अकरा छोटी पावलं टाकायची तिने खरंच ठरवलं होतं. पण पायांनी ऐकलं नाही. पन्नास वर्षं बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चालणारे पाय ते. ते तसेच चालले, सरळ आणि ठाम. बारावं पाऊल पडलं आणि ठेच काही लागली नाही.

कुणी हसलं नाही.

वाद्यवृंदाने पहिलं आवर्तन वाजवलं. नाट्यगृह चिडीचूप. विंगेत नायजेलने घड्याळ कपाळावर मारून घेतलं.  संपलं, तिला वाटलं. एक संधी मिळाली, पाप करून मिळवली, आणि आपण ती चालण्यातच घालवली.

दुसरं आवर्तन. तिने खाली पाहिलं. सव्वीस पोरंपोरी कपाळ जमिनीला टेकून ओणवी. सव्वीस पाठी. कुणाचा झगा उसवलेला, कुणाची मान घामाने चकाकत होती. हे दृश्य वरून कसं दिसतं ते तिने कधीच पाहिलं नव्हतं. नऊ वर्षं ह्यांतली एक पाठ तिची होती.  ही पोरं दहा वाजल्यापासून इथे होती, आणि आजचे जेवणाचे डबे अजून आलेच नव्हते, हे तिला माहीत होतं.

तिसरं आवर्तन. राजमातेच्या तोंडी इथे काहीच लिहिलेलं नव्हतं. दोरायने तोंड उघडलं. इंग्रजी सुचेना, आणि घरातली तागालोग बोली आपोआप बाहेर आली.

"उठा रे पोरांनो," ती म्हणाली. "जेवलात का?"

 मग मागून कुठूनतरी कुणाला तरी हसू फुटलं, आणि मग सगळं नाट्यगृह फुटलं. असं हसणं तिने नऊ वर्षांत कधी ऐकलेलं नव्हतं. मनिलात ज्या ज्या माणसाला आई, मावशी, आत्या किंवा आजी होती, ते प्रत्येक माणूस हसत होतं. आमच्याकडे राणी असती तर तिने दुसरं काय विचारलं असतं? सव्वीस डोकी वर आली आणि सव्वीस तोंडं एकदम म्हणाली, "नाही, मावशी!"

वाद्यवृंदवाल्यांनी वाजवायचं सोडून डोळे पुसायला घेतले. फादर एलाडियो खुर्चीच्या पाठीवर थापा मारत होते. बेबी उभी राहून "ही आमची, ही आमची" म्हणून अनोळखी माणसांना सांगत होती.

हशा ओसरत होता, तेवढ्यात पाचव्या रांगेत फेरमिना उठली. तिला नाटक अर्धंच ऐकू आलं होतं. पण आपल्या लेकीचा आवाज तिला हजार लोकांतही ऐकू यायचा, आणि लेकीने विचारलं होतं, तर उत्तर द्यायला नको?

"आम्ही जेवलो गं!" तिने बहिऱ्या माणसाच्या खड्या आवाजात सांगितलं. "पण तू सकाळपासून काही खाल्लं नाहीस! जेवलीस का तू?"

 हजार लोक दोरायकडे बघत होते, तुंगालोरच्या मुकुटाखालच्या तिच्या उघड्या चेहऱ्याकडे. दोरायला दिवे दिसेनासे झाले. छप्पन्न वर्षांत ती हा प्रश्न दुसऱ्यांना विचारत आली होती. तिला कुणी भर नाट्यगृहात, राजमाता असताना विचारेल असं तिच्या स्वप्नातही नव्हतं.

"नाही, आई," ती म्हणाली. "गाऊन झालं की जेवते."

मग तिने वाद्यवृंदाकडे पाहून मान हलवली, आणि चौथं आवर्तन सुरू झालं.